रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी इंजिन बांधताना रिंग गॅप (सिलिंडरमध्ये बसलेल्या पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) किती ठेवावा?

टर्बो नसेल तर वरच्या रिंगला बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) 0.0045 पट धरा, म्हणजे 86 मिमी बोअरला साधारण 0.39 मिमी. टर्बो असेल तर 0.006 पट, 0.5 च्या आसपास. पिस्टनसोबतचा तक्ता वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐका.

गॅप किंचित जास्त झाला तर ब्लो-बाय (रिंगजवळून खाली निसटणारा वायू) थोडा वाढतो, एवढंच. कमी पडला तर मात्र ट्रॅकवर रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना भिडतात, बोअर ओरबाडला जातो आणि पिस्टनची वरची कड तुटते.

मोजताना रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनच्या माथ्याने 25 मिमी खाली ढकला. तिरकी राहिली तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटं बोलतो. घासायचं एकाच टोकाला, तेही बाहेरून आत. उलटं घासलं की कोटिंगचा टवका उडतो. ज्या सिलिंडरमध्ये मोजली, त्यातच ती रिंग घाला.

बेअरिंग क्लिअरन्सला (बेअरिंगमधल्या तेलाच्या फटीला) जर्नलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, व्यासाचा हजारावा भाग पुरतो: 50 मिमीला 0.05. पण सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) बॅफल, म्हणजे तेल अडवणारा पडदा, नसेल तर ही सगळी मापं वाया! लांब वळणात तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बहुतेकदा आधी रॉड बेअरिंग जातं.