थंडीच्या रात्री रेल्वेचा आवाज जवळ का येतो?

प्रश्न : आमचे गाव यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आहे. भुसावळ-जळगाव लोहमार्ग येथून सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर असेल. उन्हाळ्यात दिवसा गाडी गेल्याचे कळतही नाही; पौष महिन्यात मात्र पहाटे केळीला पाणी द्यायला गेलो की मालगाडीची धडधड बांधापलीकडून आल्यासारखी ऐकू येते. थंड हवा जड असते म्हणून असे होते का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्याचे कारण हवेच्या जडपणात नाही. निव्वळ हवेच्या तापमानाकडे पाहिले तर ध्वनी थंडीत उलट मंदावतो. शून्य अंश तापमानाच्या हवेत तो सेकंदाला सुमारे 331 मीटर जातो आणि दर अंशामागे त्याचा वेग साधारण 0.6 मीटरने वाढतो. म्हणजे आपल्याकडील वैशाखातल्या 45 अंशांच्या दुपारी तो सेकंदाला सुमारे 358 मीटर, तर 8 अंशांच्या पहाटे सुमारे 336 मीटर वेगाने धावतो. कोडे सुटते ते एका वेळच्या तापमानाने नव्हे, तर जमिनीपासून वर जाताना ते तापमान कसे बदलते हे पाहिल्यावर.

दिवसा उन्हाने जमीन तापते, तिला टेकलेली हवा सर्वांत गरम असते आणि वर जावे तसा गारवा वाढतो. निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री याच्या नेमके उलट घडते : जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. नदीकाठच्या सखल शिवारात ही गार हवा आणखी साचते. अशा वेळी गाडीकडून निघालेल्या ध्वनिलहरीचा वरचा भाग उबदार हवेतून वेगाने जातो आणि खालचा भाग मागे रेंगाळतो. बैलगाडीचा उजवा बैल झपझप चालला आणि डावा मंदावला तर गाडी आपोआप डावीकडे वळते, तशी ही लहर मंद बाजूकडे, म्हणजे जमिनीकडे, वाकते. जो आवाज एरवी आकाशात निघून गेला असता, तो वाकून आपल्या शेतात उतरतो, आणि वाटेतली झाडे व घरेही तो वरून ओलांडून येतो. दुपारी हीच लहर वर वाकते. त्यामुळे लोहमार्गापासून काही अंतरावर आवाजाची जणू सावली पडते आणि गाव त्या सावलीत राहते. ध्वनीच्या या वळणाचे तापमानाशी असलेले नाते ब्रिटनमधील शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1874 मध्ये स्पष्ट केले होते.

याची खूण आपल्याला डोळ्यांनीही पाहता येईल. ज्या पहाटे गाडी स्पष्ट ऐकू येते, त्या पहाटे गावातल्या चुलींचा धूर सरळ वर न जाता घरांच्या थोडा वर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसेल. त्याला अडवणारा थर आणि आवाजाला वाकवणारा थर एकच. रात्रीची शांतता या सगळ्याला मदत करते हे खरेच. शिवाय उंच पट्टीचे आवाज हवेत लवकर शोषले जातात आणि खर्जातले दूरवर टिकतात. म्हणून चाकांची किणकिण वाटेतच विरते आणि धडधड तेवढी पोहोचते.

ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो, या एवढ्याशा गोष्टीचा संशोधनात फार मोठा उपयोग झाला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. समुद्रातही वेगवेगळ्या तापमानांचे व दाबांचे थर असतात, आणि अनेक महासागरांत सुमारे एक किलोमीटर खोलीवर असा पट्टा असतो की त्यात अडकलेला आवाज वर-खाली वाकत हजारो किलोमीटर जातो. जानेवारी 1991 मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील हर्ड बेटाजवळ बोटीवरून पाण्यात सोडलेले ध्वनिसंकेत अटलांटिक आणि प्रशांत या दोन्ही महासागरांत टिपले गेले. संकेत पोहोचायला लागलेला वेळ अचूक मोजला की वाटेतले पाणी सरासरी किती उबदार आहे ते काढता येते. थर्मामीटर न बुडवता समुद्राचा ताप पाहण्याचीच ही रीत आहे.

प्रश्न : विहिरीत खडा टाकून पाणी किती खाली आहे ते मोजता येते का?
– इयत्ता नववीतील वाचक, अमळनेर

उत्तर : येते. खडा सोडल्यापासून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांचा वर्ग करून त्याला 4.9 ने गुणावे. दोन सेकंद लागले तर 19.6 मीटर येतात. मात्र या वेळात आवाजाचा वर येण्याचा वेळही मिसळलेला असल्यामुळे खरे उत्तर सुमारे 18.6 मीटर, म्हणजे साधारण 61 फूट आहे. घड्याळाची कळ दाबायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी जवळजवळ दोन मीटरची चूक होते, म्हणून मोबाइलवर आवाज नोंदवून नंतर वेळ मोजणे चांगले. खडा हरभऱ्याएवढा असावा, विहीर पिण्याच्या पाण्याची नसावी, आणि कठड्यावरून वाकू नये.

प्रश्न : रुळांवर छोटी ढकलगाडी चालवत कर्मचारी ‘आवाजाने’ तडे शोधतात असे ऐकले. मला तर काहीच ऐकू आले नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : माठ घेताना आपण टिचकी मारतो. पक्का माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. पूर्वी रेल्वेच्या चाकांवर हातोडी ठोकून हीच परीक्षा होत असे. पण रुळाच्या पोटातली बारीक चीर कानाला कळत नाही, म्हणून सेकंदाला दहा लाखांहून अधिक कंपने असलेला ध्वनी रुळात सोडतात. आपला कान जास्तीत जास्त 20 हजारांपर्यंत ऐकतो, त्यामुळे आपल्याला काही ऐकू आले नाही हे स्वाभाविक आहे.

पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर जातो. दहा सेंटिमीटर खोल चीर असेल तर तिच्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी 34 भागांतच परततो, आणि यंत्र त्या वेळेवरून चिरेची जागा सांगते. चिरेत हवा असते, आणि पोलादातून हवेत शिरताना हा ध्वनी जवळजवळ सगळाच मागे फिरतो; म्हणूनच चीर सापडते. पण त्याच कारणाने यंत्र आणि रूळ यांच्यामध्येही हवा राहून चालत नाही, म्हणून तिथे पाणी सोडत जातात. सोनोग्राफीपूर्वी पोटावर गार चिकट जेल लावतात तेही याचसाठी. दोन्ही यंत्रांतला ध्वनी, विजेचा दाब दिला की थरथरणाऱ्या स्फटिकासारख्या पदार्थातून निघतो. हा गुणधर्म प्येर आणि झाक क्युरी या भावांनी 1881 मध्ये प्रयोगाने दाखवून दिला.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत डीजेजवळ दोन तास होतो. दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. पुढच्या वेळी कापूस घालून चालेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. कापूस सच्छिद्र असतो, त्यातून आवाज फारसा अडत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बूच चुरगाळून कानात बसवावेत, ते फुलून नळी बंद करतात. आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात, पण त्याचा आकडा फसवा असतो : दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यासाठी ठरवलेल्या एका प्रमाणानुसार 85 डेसिबलमध्ये 8 तास काम चालते, पण 100 डेसिबलमध्ये फक्त 15 मिनिटे. मोकळ्या जागेत भोंग्यापासूनचे अंतर दुप्पट केले की सुमारे 6 डेसिबल कमी होतात, म्हणून शक्य तितके मागे चालावे. कानातली शिट्टी हे आतल्या सूक्ष्म केसपेशींना इजा झाल्याचे लक्षण असू शकते, आणि माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ती अजून थांबली नसेल तर पुढच्या वरातीची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी.