पॉवर कॉर्ड बदलण्याआधी भिंतीतला बोर्ड बघा

गेल्या काही आठवड्यांत इंदूरच्या वाचकांकडून आलेले निम्मे प्रश्न पॉवर कॉर्डचेच, म्हणजे बोर्डातून स्टीरिओला वीज नेणाऱ्या वायरचेच आहेत, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतो.

माझ्याकडे ६० वॉटचा स्टीरिओ अँप्लिफायर, सीडी प्लेअर आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत. दुकानदार म्हणतात, अँप्लिफायरला १८ हजारांची कॉर्ड लावा, बास भरीव होईल, आवाज मोकळा होईल. घेऊ का? (सुदामानगर)

घेऊ नका. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात पुन्हा कुणी गळ घातली तरी मनात शंका राहणार नाही.

कॉर्डमधून येणारी वीज जशीच्या तशी स्पीकरपर्यंत जात नाही. अँप्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट खाली आणतो, रेक्टिफायर त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करतो आणि मोठे कपॅसिटर तो साठवतात. तबल्यावर थाप पडते तेव्हा लागणारी वीज या साठ्यातून येते, भिंतीतून थेट नाही. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर प्रवास करून येतं, पण आंघोळीच्या नळाला धार लागते ती गच्चीवरच्या टाकीमुळे. वाटेतला दीड मीटर पाइप चांदीचा केला म्हणून धार वाढत नाही.

आता आकडे बघा. अँप्लिफायरसोबत येणारी साधी कॉर्ड बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. दीड मीटर लांबी, जाणारी आणि येणारी मिळून तीन मीटर तांबं, रोध साधारण ०.०७ ओहम. तुम्ही जोरात गाणी लावलीत तरी हा अँप्लिफायर एक अँपिअरच्या आसपास वीज घेईल, म्हणजे कॉर्डमध्ये ०.०७ व्होल्ट पडतील. कपॅसिटर झटक्याझटक्याने भरतात, म्हणून क्षणभर पाचपट वीज धरली तरी अर्ध्या व्होल्टच्या आतच. याउलट मीटरपासून तुमच्या बोर्डापर्यंत भिंतीतली १.५ चौरस मिलिमीटरची वायर पंधरा मीटर असेल, तर तिचा रोध या कॉर्डच्या पाचपट आहे आणि ती तुम्ही बदलणार नाही. माझ्या बोर्डावर मे महिन्यात पहाटे २४० व्होल्ट दिसतात आणि संध्याकाळी आजूबाजूचे एसी सुरू झाले की २१५. एवढा फरक अँप्लिफायर बिनतक्रार पचवतो.

मग कॉर्ड बदलल्यावर फरक ऐकू आला म्हणणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. जुनी कॉर्ड काढून नवी खोचताना मागच्या सॉकेटच्या पिना घासल्या जातात, सैल पडलेला कॉन्टॅक्ट घट्ट होतो. कॉर्ड खरोखर खराब असेल तर हा फरक खरा असतो, आणि तीच कॉर्ड चार वेळा काढून-घालूनही तो मिळाला असता. शिवाय पैसे मोजल्यावर माणूस लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकलं की एरवी निसटणारी मींडसुद्धा कानात भरते.

कॉर्ड घ्यायचीच असेल तर तीन तारांची, तांब्याची, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय खुणेची घ्या. अँप्लिफायरच्या बाजूचं टोक घट्ट बसलं पाहिजे, हलवल्यावर लटपटता कामा नये. महाराणी रोडवर अशी कॉर्ड काही शे रुपयांत मिळते. जाडीवर जाऊ नका. काही वर्षांपूर्वी मी एक अंगठ्याएवढी जाड, जाळीदार आवरणाची कॉर्ड हौसेने घेतली होती. अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी पिन मल्टिमीटरवर बीप देईना, म्हणजे ती दुसऱ्या टोकाशी जोडलेलीच नव्हती, म्हणून ब्लेडने उभी चिरली. आत सुताचा भराव, त्यात तीन बारीक वायरी, आणि अर्थची हिरवी वायर टॉपमध्ये (बोर्डात खोचायच्या प्लगमध्ये) स्क्रूपर्यंत पोचलेलीच नव्हती. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक नवी कॉर्ड मी आधी मल्टिमीटरवर तपासतो. तुम्हीही तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या १८ हजारांचं काय करायचं? नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची सरकती दारं, भिंती मोकळ्या. तिथे आवाज घुमतो आणि गायकाचे शब्द एकमेकांत मिसळतात. जाड सतरंजी, भरगच्च पडदे, पुस्तकांचं कपाट यावर खर्च करा. आणि फुकटातला उपाय आधी: स्पीकर भिंतीला चिकटून असतील तर एकेक वीत पुढे ओढत ऐका. बासमध्ये जो फरक पडेल तो कुठल्याही कॉर्डने पडणार नाही.

तानपुरा लावला की मागे सतत ‘घूं’ असा आवाज येतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही. डिशचा सेटटॉप बॉक्स जोडल्यापासून हे सुरू झालं. शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेल्या) कॉर्डने जाईल का? एका मित्राने टॉपची अर्थची पिन काढून टाकायला सांगितली, तसं केल्यावर आवाज खरंच गेला. (लोकमान्य नगर)

आधी ती पिन परत लावा. आजच. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी निकामी झालं, तर फेज थेट अँप्लिफायरच्या पत्र्यावर येतो. अर्थ जोडलेली असेल तर फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थ नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो आणि व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहतो. आवाजाच्या शुद्धतेसाठी कुणाचाही जीव धोक्यात घालायचा नाही, यात मी कधीच तडजोड करत नाही.

तुमचा कान मात्र तयार आहे. ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. काळी एकचा तानपुरा असेल तर त्याचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झवर येतो. शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण असली की दोन्हींच्या भांडणातून सेकंदाला चारेक आंदोलनं उठतात. जोड न लागलेल्या तारेसारखी ती डोलत राहते. ऑर्केस्ट्रात हे लपून जातं, तानपुऱ्यात लपत नाही.

पिन काढल्यावर आवाज गेला, म्हणजे हा अर्थचा लूप आहे. अँप्लिफायरची अर्थ भिंतीतून जाते आणि डिशच्या केबलचं आवरण गच्चीवरच्या लोखंडातून दुसऱ्या वाटेने जमिनीला पोचतं. दोन वाटांमध्ये व्होल्टेजचा जो थोडा फरक असतो, त्यामुळे ऑडिओ केबलमधून वीज वाहते आणि ती स्पीकरमध्ये ऐकू येते. शिल्डेड कॉर्डचा याच्याशी संबंध नाही. खात्री करायला पिन परत लावून सेटटॉप बॉक्सच्या मागची डिशची केबल स्क्रू फिरवून काढा. आवाज थांबला की चोर सापडला. बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि अँप्लिफायर ते घेत असेल तर ऑप्टिकल केबल लावा, त्यातून वीज जातच नाही. नसेल तर ऑडिओ केबलच्या मध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो आवाज पुढे देतो पण दोन्ही बाजूंच्या तारा जोडत नाही. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, हेही करून बघा.

अर्थिंगबद्दल इथे आणखी थोडं लिहितो, कारण माळव्यात हा विषय मातीशी जोडलेला आहे. रामबागेत एका जुन्या घरात मी भाड्याने राहत होतो. मे महिन्यात प्रीअँपच्या (अँप्लिफायरच्या आधी जोडायच्या उपकरणाच्या) पत्र्यावर बोट फिरवलं की मुंग्या यायच्या आणि स्पीकरमध्ये घरघर. उपकरणातल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थ तुटलेली असली की पत्रा अधांतरी राहून जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर चढतो. वीज अगदी थोडी असते, पण बोटाला आणि कानाला कळते. अंगणात बघितलं तर अर्थिंगच्या खड्ड्याभोवती काळ्या मातीला हाताची बोटं जातील एवढ्या भेगा. पावसाळ्यात ही माती फुगून खड्ड्यातल्या अर्थिंगच्या प्लेटला घट्ट धरते, उन्हाळ्यात आक्रसून सोडून देते. वायरमनने खड्ड्याजवळचा गंजलेला नटबोल्ट बदलला, मी चार बादल्या पाणी ओतलं आणि संध्याकाळी मुंग्या नव्हत्या. तुमच्या इमारतीचा खड्डा कुठे आहे ते शोधा, उन्हाळाभर त्यात पाणी पडतं का ते विचारा. वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. पाच ओहमच्या आत असला की मी समाधानी असतो.

भाच्याने न्यू जर्सीहून चांगल्या कंपनीची कॉर्ड आणली आहे. चपट्या पिनांचा अमेरिकन टॉप आहे, तो युनिव्हर्सल अॅडाप्टरमध्ये घालून वापरतो. चालेल ना? (स्नेहलतागंज)

नाही चालणार. तो टॉप १२५ व्होल्टसाठी बनवलेला आहे, आपली लाइन २३० ची. शिवाय स्वस्त अॅडाप्टरमध्ये अर्थ पुढे जातेच असं नाही, आणि सैल पिना तापतात. युरोपचा गोल पिनांचा टॉप तर आपल्या सॉकेटमध्ये ढिला का होईना जातो, पण त्याची अर्थ बाजूच्या पट्टीवर असते, ती आपल्याकडे कुठेच टेकत नाही.

वायरवर ३०० व्होल्ट छापलेलं असेल तर टॉप कापून आपला तीन पिनांचा चांगला टॉप लावून घ्या. फक्त वायरमनला एक गोष्ट ठासून सांगा: अमेरिकेत काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी अर्थची असते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत काळी न्यूट्रलची. सवयीने जोडलं तर फेज आणि न्यूट्रल उलटे होतील. आणि भाच्याने अँप्लिफायरही तिकडूनच आणला असेल, तर त्याच्या मागे १२० लिहिलंय की २४०, ते वाचल्याशिवाय लावू नका.

कॉर्डवर बाण छापलेला आहे. उलटी लावली तर आवाज बिघडेल का?

भिंतीतल्या एसी विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. बाणाकडे लक्ष देऊ नका.

वीज गेली की इन्व्हर्टरवर स्टीरिओ कर्कश घरघर करतो, अँप्लिफायरच्या डब्यातूनही आवाज येतो. जाड कॉर्ड लावू का? (पागनीस पागा)

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा असणार. पंखा आणि दिव्यांना तो चालतो, पण त्या चौकोनी लहरीतल्या वरच्या कंपनांनी ट्रान्सफॉर्मरचा गाभा गुरगुरतो. कॉर्ड हे गाळू शकत नाही. पुढचा इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे बोर्डातल्या विजेसारखी गोलसर लहर देणारा घ्या, तोवर वीज येईपर्यंत स्टीरिओ बंद ठेवा. डब्यातून येणारा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज हे वेगळे दोष असतात, हे तुम्ही नीट ओळखलंत.

मी कॉर्ड बदलली, मला फरक स्पष्ट ऐकू येतो. बायको म्हणते काहीच नाही. आमच्यात कोण बरोबर, कसं ठरवायचं? (नारायण बाग)

दोघं मिळून एक रविवार सकाळ काढा. पोह्यांनंतर, घर शांत असताना. तुमच्या सगळ्यात ओळखीच्या ध्वनिमुद्रणाचा एकच मिनिटाचा तुकडा निवडा आणि व्हॉल्यूमच्या बटणावर पेन्सिलने खूण करा. वहिनींनी नाणं उडवायचं, छाप आला तर जुनी कॉर्ड, काटा आला तर नवी. तोवर तुम्ही दुसऱ्या खोलीत. कॉर्ड लावताना दर वेळी अँप्लिफायर बंद करायचा, कॉर्ड बदलायची नसली तरी काढून पुन्हा लावायची, म्हणजे आवाजावरून आणि वेळेवरून अंदाज येणार नाही. मागची बाजू चादरीने झाका आणि तुम्ही आत येण्याआधी वहिनींनी खोलीबाहेर जावं, कारण नवरा-बायकोला एकमेकांचे चेहरे वाचता येतात. तुम्ही ऐकून कागदावर ‘जुनी’ किंवा ‘नवी’ लिहायचं. असं दहा वेळा, कागद शेवटीच जुळवायचे.

नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच बरोबर येतातच, सहा-सातही सहज येतात. आठ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात पाचेक. नऊ किंवा दहा आले तर जुनी कॉर्ड घेऊन मल्टिमीटरसमोर बसा, तिच्यात बहुधा काहीतरी दोष आहे: सैल पिन, तुटलेले धागे, नाहीतर न जोडलेली अर्थ. काय सापडलं ते मला लिहा.