जिवाणूंचा मूळ साठा जपताना

दर महिन्याला एका नळीतून दुसऱ्या नळीत रायझोबियम (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) वाढवत राहणं आधी थांबवा. असं वारंवार केलं की मुळांवर गाठी करण्याची ताकद कधीकधी हरवते. अनेक रायझोबियममध्ये या ताकदीची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या, गळून पडू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असतात. बशीत वाढ मात्र छान दिसत राहते, म्हणून फसायला होतं. ताज्या, शुद्ध वाढीत निर्जंतुक ग्लिसरॉल घाला, अंतिम प्रमाण 15 ते 20 टक्के. छोट्या कुप्यांत भरून उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवा. वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नका, पेशी मरतात. बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचं सोपं आहे, त्याचे बीजाणू (टणक, सुप्त पेशी) कोरडेही टिकतात. आणि रायझोबियम अधूनमधून रोपाला लावून गाठी चिरून बघाच! आतून गुलाबी दिसल्या, म्हणजे गाठी काम करतायत, की जीव सुखावतो.