अंतराळात सहा-सहा महिने राहणाऱ्यांना एकटेपणा येत नाही का? सोबत मानसोपचारतज्ज्ञ असतो का?

येतो की! आणि तज्ज्ञ सोबत नसतो, तो जमिनीवरच असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या प्रत्येकाशी तो दर दोन आठवड्यांनी व्हिडिओवरून खासगीत बोलतो, साधारण पंधरा मिनिटं. माझ्या मते त्याहून जास्त आधार घरचा असतो: आठवड्याचा व्हिडिओ कॉल, एरवी घरी लावता येणारा फोन, मालवाहू यानातून येणारं पार्सल.

मी मर्चंट नेव्हीत, इंजिन रूममध्ये. अवकाशाशी संबंध शून्य, पण महिनोन्‌महिने तीच तोंडं बघणं काय असतं ते ठाऊक आहे, म्हणून या विषयावर हाती लागेल ते वाचतो. आमच्याकडचा सगळ्यात अवघड प्रश्न वरही आहेच: घरी वाईट घडलं तर कळवायचं का?

सोव्हिएत अंतराळवीर जॉर्जी ग्रेच्को १९७७-७८ मध्ये सल्यूत-६ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर ९६ दिवस होते. त्या काळात त्यांचे वडील वारले. त्यांना ते खाली उतरल्यावरच सांगितलं. डिसेंबर २००७ मध्ये नासाचे डॅनियल तानी आंतरराष्ट्रीय स्थानकावर असताना त्यांची आई रेल्वे फाटकावरच्या अपघातात गेली. त्यांना वरच कळवलं. न्यायला येणारं अटलांटिस शटल इंधनाच्या सेन्सरपायी रखडलेलं, त्यामुळे परतायला फेब्रुवारी उजाडला. दोन महिने ते दुःख घेऊन तिथेच काम करायचं! तरी मी कळवण्याच्या बाजूचा. माझी आजी गेली तेव्हा घरच्यांनी काळजीपोटीच पंधरा दिवस लपवलं. आता ‘सगळं बरं आहे’ म्हणाले तरी मी दोनदा विचारतो.

दुसरा त्रास कामाच्या रगाड्याचा. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर ८४ दिवस राहिलेल्या तिघांचं वेळापत्रक खालच्यांनी इतकं ठासून भरलं होतं की शेवटी दोन्हीकडून मोकळेपणाने बोलावं लागलं. मग किरकोळ कामं ‘जमेल तेव्हा करा’ म्हणून यादीत टाकली आणि गाडी रुळावर आली. त्यांनी संप केल्याची गोष्ट नेटवर फिरते, ती खोटी. एसी ऑफिसातून येणाऱ्या ईमेलवर आमचे चीफ इंजिनियर कसे उखडतात ते पाहिलं असेल, तर हे लगेच पटेल.

खरी पंचाईत मंगळाची आहे. तिथून इथे आवाज पोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं, उत्तर यायला दुप्पट. म्हणजे फोन बाद. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस कोंडून मंगळप्रवासाची तालीम केली, तेव्हाही संदेश मुद्दाम उशिराने पोचवत. जुने खलाशी सांगतात, त्यांच्या काळी बंदर लागलं की एजंट पत्रांचा गठ्ठा घेऊन शिडी चढायचा आणि मग तासभर मेसमध्ये कोणी कोणाशी बोलत नसे. मंगळाच्या वाटेवर बहुतेक तेच दिवस परत येणार, फक्त शिडी नसेल.