सतरा अक्षरे मोजण्याआधी

हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी धाटणीची कविता, लिहायला घेताना ओळींतल्या पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब तुम्ही तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन. जपानी भाषेत मोजली जातात ती आपली अक्षरे नव्हेत. तिथे दीर्घ स्वराला दोन मात्रा पडतात, त्यामुळे ‘तोक्यो’ (टोकियो) हे आपल्याला दोन अक्षरी वाटणारे नाव तिथे चार मात्रांचे होते. मराठीत सतरा अक्षरे भरण्याच्या नादात ‘सुंदर’, ‘हळुवार’ अशी विशेषणे घुसतात आणि कविता तिथेच फसते.

त्यापेक्षा जपानी कवी बाशो याची 1686 सालची बेडकाची हायकू नीट पाहा. आधी जुने तळे येते, त्यानंतर ‘या’ हा छेद देणारा शब्द, आणि मग बेडकाची उडी व पाण्याचा आवाज. जुन्या जपानी काव्यात बेडूक बहुधा त्याच्या डरावण्यासाठी येई, इथे मात्र ऐकू येते ते पाणी, आणि कवी आपल्या मनःस्थितीविषयी चकार शब्द काढत नाही. तो बेडूक वसंताचा ऋतुसंकेतही आहे. आपला बेडूक मृगाचा, तेव्हा उसना वसंत कशाला आणायचा?

माणसाच्या खोडीवर लिहायचे असेल, तर त्याच मापाचा सेनर्यू हा जपानी काव्यप्रकार हाताशी आहे. भावना मोकळेपणी मांडायची असेल, तर पाच ओळींचा तांका हा जपानी काव्यप्रकार घ्यावा. कवयित्री शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेल्या हायकूत यमकही दिसते. ते आपसूक आले तरच ठेवा.