हुकूमशहा वाईट आहे, हे सिद्ध करत बसू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

भाषणाचा मसुदा वाचला. 'क्रूर हुकूमशहाविरुद्ध युद्ध समर्थनीय आहे' या विषयाच्या बाजूने तू बोलणार आहेस, आणि निम्म्याहून अधिक वेळ इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या क्रौर्याच्या वर्णनात घालवला आहेस. ते क्रौर्य प्रतिपक्षही नाकारणार नाही. १६ मार्च १९८८ रोजी इराकमधल्याच हलब्जा या कुर्द शहरात त्याच्या फौजांनी सोडलेल्या विषारी वायूने सुमारे पाच हजार कुर्द मारले गेले. तेव्हा त्याच्यावर कुणी चालून गेलं नाही. उलट इराणशी लढणाऱ्या इराकला बड्या देशांची मदत चालू होती. २००३मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, तेव्हा मात्र हेच हलब्जा युद्धाचं समर्थन करायला पुढे केलं गेलं. मधल्या पंधरा वर्षांत बदललं काय, हे तुला विचारणारच.

म्हणून १९९१ आणि २००३ एकत्र बांधू नकोस. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत गिळलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६७८ करून कुवेत सोडायला १५ जानेवारी १९९१ची मुदत दिली. ती टळल्यावर युद्ध झालं. ते न्याय्य होतं असं मी ठामपणे मानतो: आक्रमण उघड होतं, उद्दिष्ट कुवेतपुरतं होतं. २००३ची गोष्ट वेगळी. इराकमधली शस्त्रं तपासणारे संयुक्त राष्ट्रांचे हान्स ब्लिक्स आणि त्यांचे निरीक्षक आणखी काही महिने मागत होते, ते दिले नाहीत, आणि महासंहारक शस्त्रांचे साठे पुढे सापडलेच नाहीत. त्या युद्धाची वकिली करू नकोस.

तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा मसुद्यात नाहीच. फेब्रुवारी १९९१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरल्या बुश यांनी इराकी जनतेला सद्दामला हटवण्याचं आवाहन केलं. दक्षिणेत शिया उठले, उत्तरेत कुर्द. अमेरिकी फौजा इराकच्या दक्षिणेतच होत्या, पण त्या हलल्या नाहीत. सद्दामने हजारोंची कत्तल केली. युद्ध थांबवण्याचीही किंमत माणसंच मोजतात, हे इथे दिसतं. यावर निदान दोन मिनिटं बोल.

प्रतिपक्ष उलट विचारेल: हटवल्यावर पुढे काय? मे २००३मध्ये इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं बेकार झाली आणि बंडखोरीला मनुष्यबळ मिळालं. याला तयार उत्तर नाही. आव आणू नकोस.

आणि आपली मुंबई विसरू नकोस. १९९०मध्ये कुवेतमध्ये अडकलेले सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी आणले गेले, जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानं मुंबईला येत होती. त्यांच्या सुटकेसाठी परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, त्याने मारलेल्या मिठीवर टीकाही झाली. मला ती टीका अन्यायाची वाटते. इतकी माणसं त्याच्या ताब्यात असताना दुसरं काय करणार?

तेव्हा परतलेली माणसं मुंब्र्यात, भेंडी बाजारात, रत्नागिरीकडे आजही भेटतील. एखाद्याशी बोल. क्रौर्याचा भाग एका पानात बसव आणि नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझे सर