वेताच्या खुर्च्या: आधी पाणी, मग तेल

प्रश्न: वेताच्या चार जुन्या खुर्च्या बरीच वर्षं गच्चीवर पडून होत्या. बसलं की करकरतात, हातांवरची गुंडाळी सुटली आहे, काड्या तुटतात. घाण्याचं जवस तेल चोळू का? (नागपूर)

उत्तर: नको. वेताला लवचीकपणा येतो तो पाण्याने. तेलाचं काम नंतरचं, ओल पटकन उडू न देण्याचं. धुळीवरच तेल चोळलंत तर काळा चिकट थर तेवढा बसेल.

आधी एक सुटी काडी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि झाडूच्या दांड्याला गुंडाळून पाहा. भिजूनही मोडली तर उन्हाने तिचा जीव गेलाय. अशा खुर्चीचं विणकाम नव्यानेच करून घ्यावं लागेल. वाकली, तर पुढे चला.

कोरड्या ब्रशने धूळ काढा. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर साबण घालून स्पंजने पुसा, मग साध्या पाण्याचा फवारा मारा, तोही आतून आणि खालून. वेताची चकचकीत बाजू पाणी फारसं घेत नाही. वर ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा. सुटलेली गुंडाळी याच वेळी बसवायची: टोकाला लाकडाचा गोंद आणि जुन्याच भोकात बारीक खिळा. वाळल्यावर वाकवायला गेलात तर चिरते. दोन दिवस सावलीत वाळू द्या आणि तोवर कुणाला बसू देऊ नका. ओला वेत वजनाने ताणला की तसाच राहतो.

आता तेल. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ मागा. तेही जवसाचंच, पण लवकर वाळणारं. खायचं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि खोबरेल तर वाळतच नाही. तितकंच टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्या आणि वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्या. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: जेवणाच्या खुर्चीच्या वेताच्या जाळीला झोळ आला आहे. (पुणे)

उत्तर: एकही पट्टी तुटलेली नसेल तर खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल अर्धा तास ठेवा आणि पुरे चोवीस तास वाळू द्या. जाळी आक्रसून ताठ होते. खालून व्हार्निश कधीच लावू नका. पुढच्या वेळी पाणी शिरणारच नाही.

प्रश्न: खुर्चीखाली पिठासारखी पूड पडते. (चिपळूण)

उत्तर: कीड लागली आहे. पूड झाडून खाली काळा कागद ठेवा. पुन्हा पडली तर कीड जिवंत आहे. लिटरभर गरम पाण्यात 20 ग्रॅम बोरिक ॲसिड आणि 30 ग्रॅम बोरॅक्स विरघळवा, हातमोजे घालून ब्रशने लावा आणि सुईच्या पिचकारीने भोकांत सोडा. एकदाच लावलेलं हे पाणी खोलवरच्या अळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून वाळल्यावर पुन्हा लावा. व्हार्निश असेल तर आधी घासून काढा आणि तेलाचा हात यानंतरच द्या. तुमच्याकडे तो दिवाळीनंतर दिलेला बरा. पावसाळी हवेत तेल लवकर वाळत नाही. खुर्चीच्या पायात नख रुतत असेल तर ती घरातून काढा, शेजारच्या बांबूच्या वस्तूंनाही ही कीड धरते.